बदनाम नावाचा धनी

माणसांना जसे नशीब असते, तसे शब्दांनाही असते. आणि एखाद्या माणसाच्या नावाचाच शब्द झाला, की त्या दोघांच्या नशिबांची अशी काही गाठ बसते की ती पुढे सोडवता सोडवत नाही. आपल्याकडे झोपाळू माणसाला कुंभकर्ण म्हणतात, कळ लावणाऱ्याला नारद म्हणतात, कपटी सल्लागाराला शकुनीमामा म्हणतात. कुंभकर्ण सहा सहा महिने झोपत असे, हे रामायणच सांगते. तेव्हा त्याला तक्रार करायला जागा नाही. पण समजा, जन्मभर उपाशीपोटी जागरण करणाऱ्या एखाद्या माणसाचे नाव झोपाळूंना पडले असते, तर? त्याच्या वतीने दाद कोणाकडे मागायची?

इंग्रजीत 'एपिक्युअर' असा एक शब्द आहे. 'एपिक्युरिअन' हे त्याचे भावंड. कोश उघडला तर अर्थ सापडतो : खाण्यापिण्याचा शौकीन, चोखंदळ खवय्या, आणि जरा जुना कोश असेल तर त्याच्याही पुढे जाऊन भोगलंपट, इंद्रियसुखात लोळणारा, चैनबाज. इंग्रजीच्या तासाला असे शब्द भेटतात. आपण समासात पेन्सिलीने अर्थ लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. त्यामुळे हे नाव मला दोन ठिकाणी भेटले. इंग्रजीच्या वहीत ते खवय्याचे नाव होते, आणि ग्रीक तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात भाकरी-पाण्यावर समाधानाने राहणाऱ्या एका आजारी माणसाचे. ही दोन माणसे एकच आहेत. मग हा तिढा पडला कसा? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

एपिक्युरसचा जन्म इ. स. पू. ३४१ मध्ये एजियन समुद्रातल्या सामोस बेटावर झाला. प्लेटोला जाऊन तेव्हा सहा-सात वर्षे झाली होती. एपिक्युरसचे आईवडील मूळचे अथेन्सचे. अथेन्सने आपली काही कुटुंबे सामोसवर वसवली होती, त्यांतलेच हे एक घर. वडील नीओक्लीज शाळामास्तर होते. पुढे विरोधकांनी यावरूनही त्याला हिणवले. बापाबरोबर तुटपुंज्या पगारावर मुलांना धडे देणारा आणि आईबरोबर घरोघर जाऊन मंत्र पुटपुटणारा पोर, अशी त्याची संभावना केली. खरे-खोटे देव जाणे. पण घरची श्रीमंती नव्हती, एवढे यातून दिसते.

त्याच्या लहानपणाची एक हकिकत प्राचीन ग्रंथांत येते. शाळेत हेसिअड या जुन्या कवीचे काव्य चालू होते. सर्वांच्या आधी केऑस, म्हणजे आदिम पोकळी, उत्पन्न झाली, असे त्यात वर्णन आहे. मुलाने मास्तरांना विचारले, की ही पोकळी सर्वांच्या आधी झाली तर ती कशातून झाली? मास्तरांनी सांगितले, की हे शिकवणे आमचे काम नव्हे, ते तत्त्वज्ञांचे काम. मुलाने ठरवले, की मग तत्त्वज्ञांकडेच जायला हवे. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आपल्यापैकी किती जणांनी असे प्रश्न विचारले आणि किती जण खाली बसवले गेले, हे ज्याचे त्याने आठवावे!

अठराव्या वर्षी, इ. स. पू. ३२३ मध्ये, तो अथेन्सला आला. नागरिकांच्या मुलांना दोन वर्षे लष्करी शिक्षण घ्यावे लागे, त्यासाठी. पुढे नाटककार म्हणून गाजलेला मिनँडर त्याच्याच तुकडीत होता. त्याच वर्षी बाबिलोनमध्ये अलेक्झांडर वारला आणि सारे ग्रीक जग हादरले. अथेन्सने मॅसिडोनियाविरुद्ध बंड केले, ते वर्षभरात मोडले गेले. ॲरिस्टॉटल अथेन्स सोडून गेला आणि इ. स. पू. ३२२ मध्ये परमुलखात मरण पावला. सामोसवरच्या अथेन्सवासीयांना बेट सोडून जाण्याचा हुकूम झाला. एपिक्युरसच्या वडिलांना भर म्हातारपणी चंबूगबाळे आवरून समुद्रापलीकडे कॉलोफोन गावी जावे लागले. मुलगा शिक्षण संपवून घरी गेला तो या नव्या, परक्या घरी.

मला वाटते, एपिक्युरस समजून घ्यायचा तर ही वर्षे विसरून चालणार नाही. ज्या नगराचे नागरिक म्हणून ग्रीक माणूस ताठ मानेने जगत असे, त्या नगराची सूत्रेच दूरच्या सेनापतींच्या हाती गेली होती. आज एक राजा, उद्या दुसरा. घर, जमीन, हक्क, कशाचाच भरवसा उरला नव्हता. अशा काळात माणूस विचारतो, की बाहेरचे सारे हातातून निसटत असताना माझ्या हातात काय राहते? एपिक्युरसचे सगळे तत्त्वज्ञान म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

कॉलोफोनजवळ टिऑस गावी नॉसिफेनीझ नावाचा शिक्षक होता. त्याच्याकडून एपिक्युरसला डिमॉक्रिटसचा अणुवाद कळला. विश्वात अणू आणि पोकळी यांखेरीज काही नाही. अणू एकत्र येतात आणि वस्तू घडतात, विलग होतात आणि वस्तू मोडतात. पुढे या गुरूविषयी एपिक्युरसने चांगला शब्द काढला नाही; मी आपला आपणच शिकलो, असे तो सांगत असे. हा त्याच्या स्वभावातला एक कडवटपणा होता आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने स्वतः शिकवायला सुरुवात केली; आधी लेस्बॉस बेटावरच्या मिटिलीनी गावी, मग लॅम्प्सॅकस येथे. या काही वर्षांत त्याला जन्माचे सोबती मिळाले. मिटिलीनीचा हर्मार्कस, लॅम्प्सॅकसचा मेट्रोडोरस, गणिती पॉलिईनस, लिऑन्टिअस आणि त्याची पत्नी थेमिस्टा. त्याचे तिन्ही भाऊही त्याच्या मागे आले. घरचीच माणसे शिष्य होतात, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. कारण घरच्या माणसांना आपण चोवीस तास दिसत असतो.

इ. स. पू. ३०६ च्या सुमारास ही मंडळी अथेन्सला आली. नगराच्या डिपिलॉन दरवाजाबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवर, एपिक्युरसने एक बाग विकत घेतली. किंमत पडली ८० मिना, म्हणजे ८,००० द्राख्मा. त्या काळी कुशल कारागिराची रोजची मजुरी एक ते अडीच द्राख्मांच्या आसपास असे. म्हणजे ही रक्कम लहान नव्हती आणि हा मनुष्य भणंग नव्हता, हे ध्यानात घ्यावे. मित्रांचा हातभार त्याला असे. पायथागोरसच्या पंथात सर्वांची मालमत्ता एकत्र करीत. एपिक्युरसने ती पद्धत नाकारली. त्याचे म्हणणे असे, की तसे करणे म्हणजे एकमेकांवर अविश्वास दाखवणे. आणि जिथे अविश्वास आला, तिथे मैत्री कसली?

ही बाग हेच त्याच्या शाळेचे नाव झाले. तिथे कोण येत असे, हे पाहण्यासारखे आहे. थेमिस्टासारख्या विवाहित स्त्रिया येत. लिऑन्शियनसारखी गणिका येई आणि ती तत्त्वज्ञानावर लिहीतही असे. मिस नावाचा गुलाम तत्त्वचर्चेत बसे. अथेन्सच्या सभ्य माणसाला हे पचणे कठीण होते. स्त्रिया आणि पुरुष एका बागेत, भिंतीआड, आणि शिकवण काय, तर सुख हेच जीवनाचे ध्येय! मग भिंतीआड काय चालत असेल, याच्या कथा रचायला उशीर लागला नाही.

भिंतीआड काय चालत असे? ते लोक बहुधा पाणीच पीत. थोडीशी वाइन मिळाली तरी खूप झाली असे मानीत. भाकरी आणि पाणी हे नेहमीचे जेवण. एकदा एपिक्युरसने एका मित्राला पत्र लिहून चीजचा छोटासा गडू मागवला. मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी, हे त्यामागचे कारण! ज्याच्या नावाने आज जगभर खवय्ये ओळखले जातात, त्याची मेजवानी ही अशी होती. कधी कधी तर तो ठरवून काही दिवस आणखी कमी खाई, आणि तेवढ्याने सुखात काही उणे पडते का, हे तपासून पाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो, की एपिक्युरसचे अशा दिवशी पुरता एक पैसाही न खर्चता भागे. मेट्रोडोरसची मजल अजून तिथवर गेली नव्हती, त्याला अख्खा पैसा लागे. हा सेनेका विरुद्ध पक्षाचा, स्टोइक पंथाचा, म्हणून त्याच्या साक्षीला मोल आहे. बागेच्या दारावर इथे सुख हे परमोच्च मानतात अशा आशयाचे स्वागत होते. आत गेलेल्या पाहुण्यापुढे तिथला रखवालदार जवाचे साधे अन्न आणि भरपूर पाणी ठेवी, असेही तोच लिहितो.

मग सुख सुख म्हणून तो सांगत होता, ते काय? उन्हातून चालत आलेल्या माणसाला माठातले तांब्याभर पाणी मिळाले, की त्याचा जीव थंड होतो. तहान भागली. आता त्याला सरबत दिले तर चव बदलेल. पण तहान आहे त्याहून जास्त भागणार नाही. एपिक्युरसचे म्हणणे नेमके हेच होते. शरीराला दुःख नसणे आणि मनाला तळमळ नसणे, हीच सुखाची सीमा. त्यापुढे सुखाचे प्रकार बदलतात, प्रमाण वाढत नाही. म्हणून त्याने इच्छांच्या तीन राशी केल्या. भूक, तहान, निवारा यांच्या इच्छा स्वाभाविक आहेत आणि आवश्यक आहेत. त्या सहज भागतात. पक्वान्नांची इच्छा स्वाभाविक आहे, पण आवश्यक नाही; मिळाले तर आनंदाने खावे, नाही मिळाले तर हळहळू नये. आणि कीर्ती, सत्ता, अमाप धन यांच्या इच्छा स्वाभाविकही नाहीत आणि आवश्यकही नाहीत. त्यांना तळच नसल्यामुळे त्या कधी भरतच नाहीत. शिवाय प्रत्येक सुख घेण्याजोगे असते असेही तो मानीत नसे. ज्या सुखामागून मोठे दुःख येणार ते सोडावे, ज्या दुःखामागून मोठे सुख येणार ते सोसावे, आणि हा हिशेब करणारा विवेक तत्त्वज्ञानाहूनही मोलाचा, अशी त्याची शिकवण होती.

मनाच्या तळमळीचे त्याने दोन मोठे उगम सांगितले : देवांची भीती आणि मरणाची भीती. देव नाहीत असे तो म्हणत नव्हता. पण ते आपल्या पूर्णानंदात असताना माणसांवर रागावण्याच्या किंवा नवसाला भुलण्याच्या भानगडीत कशाला पडतील? वीज कडाडते, ग्रहण लागते, भूकंप होतो, त्यांना नैसर्गिक कारणे आहेत. आणि मरण म्हणजे अणूंची पांगापांग. तिथे जाणीवच उरत नाही, तर दुःख कोणाला होणार? मरणाची आणि आपली गाठ अशी कधी पडतच नाही. अणुवाद त्याने स्वीकारला तो याच कारणासाठी. सृष्टिविज्ञान त्याला भीतीवरचे औषध म्हणून हवे होते.

इ. स. पू. २९५ च्या सुमारास या शिकवणीची कसोटी लागली. डिमीट्रिअस या मॅसिडोनियन सेनापतीने अथेन्सला वेढा घातला. धान्य येईना. भुकेने माणसे वेडीपिशी झाली. छपरावरून पडलेल्या मेलेल्या उंदरासाठी एक बाप आणि त्याचा मुलगा एकमेकांशी झोंबले, असे प्लुटार्कने लिहिले आहे. त्याच ठिकाणी तो एपिक्युरसचा उल्लेख करतो. त्या वेढ्यात एपिक्युरस शेंगांचे दाणे मोजून शिष्यांबरोबर वाटून घेत असे आणि त्यावर त्याने आपल्या माणसांना जगवले. मला त्याच्या साऱ्या चरित्रातला हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. बाहेर बापलेक उंदरासाठी भांडत आहेत आणि बागेत एक माणूस एकेक दाणा मोजून सारखे वाटे करतो आहे. तत्त्वज्ञान कशासाठी शिकायचे, असे आम्हाला घरचे लोक विचारतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

अशा माणसाची बदनामी त्याच्या हयातीतच सुरू झाली, आणि तीही घरातून. मेट्रोडोरसचा भाऊ टिमॉक्रटीझ बागेतून फुटून बाहेर पडला. त्याने पसरवले, की एपिक्युरस अति खाण्यामुळे दिवसातून दोनदा ओकतो आणि जेवणावर रोज एक मिना उडवतो. जरा हिशेब करू या. रोज एक मिना म्हणजे ८० दिवसांत बागेची पुरी किंमत पोटात गेली असती! त्या बागेत तो छत्तीस वर्षे राहिला. पण बदनामीचा हिशेब कोण करतो? पुढे डायोटिमस नावाच्या एका स्टोइकाने एपिक्युरसच्या नावावर ५० अश्लील पत्रे रचून प्रसिद्ध केली. तो गेल्यावर दोनशे वर्षांनी रोममध्ये सिसेरोने आपल्या भारदस्त लॅटिनमध्ये या पंथावर टीका केली. रोममधल्या काही धनिकांनी आपल्या विलासाला या पंथाचे नाव घेऊन तत्त्वज्ञानाची झूल पांघरली, ती तर शत्रूंच्या पथ्यावरच पडली. कवी होरेसने थट्टेने स्वतःला एपिक्युरसच्या कळपातले गुबगुबीत डुक्कर म्हणवून घेतले. थट्टा विरली, डुक्कर मात्र राहिले.

त्यानंतर धर्माचे युग आले. आत्मा शरीराबरोबर संपतो असे म्हणणारा माणूस चर्चला कसा परवडणार? चौदाव्या शतकात दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याला आणि त्याच्या अनुयायांना नरकातल्या जळत्या थडग्यांत टाकले. ज्यूंच्या धर्मवाङ्मयात पाखंड्याला जो शब्द आहे, तोही याच्या नावासारखाच उच्चारला जातो. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रजीत चॉसरने खाण्यापिण्यात रमलेल्या एका खुशालचेंडू जमीनदाराला एपिक्युरसचा पुत्र ठरवले. सोळाव्या शतकात 'एपिक्युअर' हा शब्द इंग्रजीत खादाड आणि भोगी या अर्थाने रुळला. शेक्सपिअरचा मॅक्बेथ इंग्रज शत्रूंना हिणवतो तो याच शब्दाने. मग हळूहळू शिवीची धार बोथट झाली, खादाडाचा चोखंदळ खवय्या झाला, आणि आता तर हा शब्द कौतुकाने वापरतात. पण कौतुक असो की शिवी, दोन्ही चुकीच्या पत्त्यावर पोचलेली पत्रे आहेत.

ही बदनामी टिकली याचे मुख्य कारण असे, की आरोपीची कैफियतच नष्ट झाली. एपिक्युरसने सुमारे ३०० ग्रंथगुंडाळ्या लिहिल्या होत्या. एकट्या सृष्टिविषयक ग्रंथाचे ३७ भाग होते. त्यांतले हाती काय राहिले? डायोजिनीस लाएर्शियस या चरित्रकाराने उतरून ठेवलेली तीन पत्रे आणि ४० मुख्य सूत्रे. व्हॅटिकनमधल्या एका हस्तलिखितात आणखी काही वचने सापडली, ती १८८८ मध्ये. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनिअम गावात अठराव्या शतकात एक वाचनालय सापडले. त्यातल्या कोळसा झालेल्या गुंडाळ्यांमध्ये त्याच्या मोठ्या ग्रंथाचे तुकडे मिळाले. आता अशा गुंडाळ्या न उलगडता क्ष-किरण आणि संगणक यांच्या साहाय्याने वाचतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मजकुरात चर्चा आहे ती सुखाचीच : जी वस्तू कमी मिळते, तिच्यापासून अधिक सुख मिळते का? जणू बागेतल्या संवादाचा तुटलेला धागा पुन्हा हाती येतो आहे.

आपल्याकडच्या चार्वाकाची इथे आठवण होणे साहजिक आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असे मी म्हणत नाही. नशीब मात्र एकच. चार्वाकाचे नाव काढले की कर्ज काढून तूप पिणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याचे मूळ ग्रंथ उपलब्ध नाहीत. जे कळते ते मुख्यतः त्याचे खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. पुरावा, तर्क, कर्मकांडावरची टीका हे सारे मागे पडले आणि तूप तेवढे लक्षात राहिले! ज्यांना युक्तिवादाने हरवणे जड जाते, त्यांना पोटावरून हसावे, ही युक्ती ग्रीसमध्येही चालली आणि आपल्याकडेही.

एपिक्युरस निर्दोष होता, असे मला सुचवायचे नाही. गुरूंविषयीची त्याची कृतघ्नता मी सांगितलीच. गुलामाला त्याने शेजारी बसवले, पण तो गुलाम आयुष्यभर गुलामच राहिला. त्याला मुक्ती मिळाली ती धन्याच्या मृत्युपत्रात. आणि राजकारणापासून दूर राहा, लोकांच्या नजरेत न येता जगा, हा त्याचा सल्ला मला काही केल्या पटत नाही. बागेला भिंत होती म्हणून बागेतली माणसे शांत होती. भिंतीबाहेरच्या माणसांचे काय? सगळ्याच सुज्ञ माणसांनी बागा विकत घेतल्या, तर गाव कोणी चालवायचे? या मुद्द्यावर त्याच्याशी भांडावे आणि भांडायला जागा आहे. पण भांडण त्याच्या खऱ्या मताशी असावे, त्याच्या नावाने उभ्या केलेल्या बुजगावण्याशी नको.

त्याची प्रकृती अनेक वर्षे तोळामासा होती. इ. स. पू. २७० मध्ये मूतखड्याने त्याला गाठले. लघवी तुंबली. चौदा दिवस तो असह्य वेदनांत होता. शेवटच्या दिवशी त्याने जुन्या मित्राला, आयडोमेनिअसला, पत्र लिहिले. वेदना आता याहून वाढणे शक्य नाही हे त्याने त्यात कबूल केले. पण आपण पूर्वी केलेल्या गप्पांची आठवण त्या वेदनांपुढे उभी केली आहे आणि म्हणून हा दिवस सुखाचा आहे, असे कळवले. आणि काम एकच सांगितले : मेट्रोडोरसच्या मुलांना सांभाळ. मेट्रोडोरस त्याच्या आधी सात वर्षे वारला होता. मग त्याने कोमट पाण्याने भरलेल्या ब्राँझच्या टाकीत बसून थोडी वाइन मागितली, जवळच्यांना शिकवण न विसरण्याविषयी सांगितले आणि प्राण सोडला. वय बहात्तर.

मृत्युपत्रही वाचण्यासारखे आहे. बाग आणि शाळा हर्मार्कसकडे. मेट्रोडोरस आणि पॉलिईनस यांच्या मुलांच्या पालनपोषणाची तजवीज. मेट्रोडोरसच्या मुलीच्या लग्नाची आणि हुंड्याचीही. मिस आणि आणखी दोन गुलाम व फीड्रिअम ही दासी यांना मुक्ती. आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सर्वांनी एकत्र जमून आपली आणि मेट्रोडोरसची आठवण करावी, एवढी इच्छा. भोगलंपट माणसाचे मृत्युपत्र असे असते का, हे वाचकांनीच ठरवावे.

ही आठवण फार टिकली. लुक्रीशियस या रोमन कवीने त्याचे तत्त्वज्ञान महाकाव्यात गुंफले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंडा या गावी डायोजिनीस नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने ही शिकवण भर चौकात एका प्रचंड दगडी भिंतीवर कोरून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही, परक्यालाही, ती फुकट वाचता यावी हा हेतू. बागेची भिंत बाहेरच्यांना अडवीत होती. ही भिंत त्यांना बोलावीत होती. राजकारणाविषयीच्या माझ्या तक्रारीला या म्हाताऱ्याने काहीसे उत्तर दिले आहे, असे मला वाटते. सतराव्या शतकात फ्रेंच धर्मगुरू गासांदीने एपिक्युरसच्या चारित्र्याची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला, १८४१ मध्ये कार्ल मार्क्सने डॉक्टरेटसाठी डिमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या सृष्टिविचारांतला फरक हा विषय घेतला. विद्वानांच्या दरबारात तो केव्हाच निर्दोष सुटला आहे. कोशाच्या दरबारात मात्र त्याची शिक्षा चालूच आहे.

शेवटी शब्दांकडेच वळतो. ग्रीक भाषेत सुखाला 'हिडोनी' म्हणतात. इंग्रजीतला सुखवादाचा शब्द त्यावरूनच आला. भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की त्या शब्दाचे आणि संस्कृतातल्या 'स्वादु'चे मूळ एकच आहे. सुखाचे आणि जिभेचे नाते असे भाषेच्या मुळातच आहे. तेव्हा सुखाचे नाव घेणाऱ्याला लोकांनी ताटावर बसवले, यात नवल नाही. पण आपल्या भाषेत याहून चांगली साक्ष आहे. हिंदीत चैन म्हणजे जिवाचा निवांतपणा. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ उधळपट्टी, मौजमजा, विलास असा झाला. मूळ अर्थ कुठे राहिला आहे? बेचैन या शब्दात. ज्याची झोप उडाली आहे, ज्याच्या जिवाला घोर आहे, तो बेचैन. जे नसल्यामुळे माणूस बेचैन होतो, ते पहिले चैन एपिक्युरस शिकवत होता. जगाने त्याच्या पदरात घातली ती दुसरी चैन.

आणि त्याच्या नावाचा ग्रीक अर्थ? 'एपिकुरोस' म्हणजे मदतीला धावून येणारा, पाठीराखा. वेढ्याच्या दिवसांत दाणे मोजून वाटणाऱ्या माणसाला आईबापांनी ठेवलेले हे नाव किती नेमके होते! इंग्रजीच्या वहीत 'एपिक्युअर' हा शब्द पुन्हा आला, तर कोशातला अर्थ अवश्य लिहावा. परीक्षेत तोच विचारतात. पण त्याच्याच खाली, पेन्सिलीने का होईना, हा मूळ अर्थही लिहून ठेवावा. तेवीसशे वर्षांच्या थकबाकीपैकी तेवढे तरी आपण फेडू शकतो.